जेत्याच्या बखरीत हरवलेला दुच्चो

चित्रकलेच्या इतिहासाची एक गोष्ट समाजमाध्यमांवर इतक्या वेळा फिरली आहे की ती आता पाठ झाल्यासारखी झाली आहे. मध्ययुगात युरोपची चित्रकला निर्जीव पडली होती. फ्लोरेन्समध्ये चिमाबुए जन्मला आणि त्याने तिच्यात धुगधुगी आणली. मग त्याला रानात दगडावर मेंढी रेखाटणारा एक पोर भेटला, तो जॉत्तो. आणि तेथून वाट थेट लिओनार्दो व मायकेलअँजेलो यांच्या दारात. गोष्ट सुटसुटीत आहे, उत्तरपत्रिकेत नीट बसते. मात्र ती एका शहराने स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट आहे, आणि तिच्या पहिल्या अंकातले सर्वांत मोठे चित्र त्या शहरातल्या कोणाचेही नाही.

ते चित्र सिएनाच्या दुच्चो दि बुओनिनसेन्या याचे आहे. आज ही गोष्ट सर्वमान्य आहे. तरीही ज्या कथानकाने त्या चित्राचे श्रेय तीनशेहून अधिक वर्षे दुसऱ्याच्या पदरात टाकले, ते कथानक जसेच्या तसे चालू आहे. चूक दुरुस्त झाली, पण चुकीवर उभारलेली इमारत कोणी उतरवली नाही. या धाग्याचा वाद त्या इमारतीशी आहे.

आधी कागद पाहावा. १५ एप्रिल १२८५ रोजी फ्लोरेन्समध्ये एक करारनामा झाला. एका बाजूला सान्ता मारिया नोव्हेल्ला या चर्चमधील, मरीयामातेची स्तोत्रे गाणाऱ्या भाविकांचा संघ, आपल्या भाषेत भजनी मंडळच म्हणावे असा. दुसऱ्या बाजूला सिएनाचा चित्रकार दुच्चो. एका प्रचंड लाकडी फलकावर त्याने मरीया, बाळ येशू आणि इतर आकृती रंगवायच्या. मोबदला १५० लिरा. सोने आणि उंची निळा रंग चित्रकाराने पदरच्या खर्चाने आणायचा. एक अट तर फार करडी होती: चित्र मंडळाच्या पसंतीस उतरले नाही, तर पैसे मिळणार नाहीत; फलक चित्रकाराने आपल्यापाशी ठेवून घ्यावा.

चित्र पसंत पडले. साडेचार मीटर उंच, जवळजवळ तीन मीटर रुंद. सोनेरी अवकाशात एक सिंहासन, त्यावर निळ्या वस्त्रातली मरीया, आणि दोन्ही बाजूंना एकावर एक गुडघे टेकलेले सहा देवदूत. ते सिंहासन नुकतेच स्वर्गातून उतरवत आहेत की काय, असे वाटावे. मरीयेच्या वस्त्राची सोनेरी किनार तिच्या अंगावरून वळणे घेत खाली उतरते. त्या एका रेषेसाठी हे चित्र तासभर पाहावे. तेराव्या शतकातल्या उरलेल्या फलकचित्रांत हे सर्वांत मोठे मानले जाते. पुढे ज्या घराण्याच्या प्रार्थनालयात ते राहिले, त्याच्या नावावरून त्याला ‘रुचेलाई मादोन्ना’ म्हणतात.

येथे थोडे थांबून त्या काळाचे राजकारण आठवले पाहिजे. सिएना आणि फ्लोरेन्स ही हाडवैरी नगरराज्ये. ४ सप्टेंबर १२६० रोजी मोन्तापेर्तीच्या रणांगणावर सिएनाने फ्लोरेन्सचा असा पराभव केला की त्याची आठवण दोन्ही शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्या घटनेला पंचवीस वर्षेही झाली नव्हती, चिमाबुए घरचाच होता, आणि तरीही फ्लोरेन्सच्या भाविकांनी आपले सर्वांत मोठे काम शत्रूच्या शहरातल्या चित्रकाराला दिले. हा त्यांचा निवाडा होता. पुढच्या इतिहासकारांनी तो उलटवला.

उलटवणाऱ्यांत अग्रणी जॉर्जो वसारी. त्याचा चित्रकार-शिल्पकारांच्या चरित्रांचा ग्रंथ १५५० मध्ये प्रसिद्ध झाला, वाढवलेली आवृत्ती १५६८ मध्ये. ग्रंथाची सुरुवात चिमाबुएच्या चरित्राने होते, आणि त्या चरित्रात ‘रुचेलाई मादोन्ना’ चिमाबुएच्या नावावर जमा आहे. नुसती जमा नाही, तिच्याभोवती महोत्सव आहे. वसारी सांगतो की चित्र पूर्ण होण्याआधी ते पाहायला आंजूचा राजा शार्ल चिमाबुएकडे आला, सारे शहर त्याच्यामागे लोटले, आणि पुढे कर्ण्यांच्या गजरात चित्राची मिरवणूक चर्चपर्यंत गेली.

आता तारखा शेजारी मांडाव्यात. करार १५ एप्रिल १२८५ चा. आंजूचा राजा शार्ल मरण पावला ७ जानेवारी १२८५ रोजी. राजा जे चित्र पाहायला आला म्हणतात, ते रंगवण्याचा करार व्हायच्या तीन महिने आधीच तो थडग्यात होता.

मिरवणूक मात्र खरोखर निघाली होती. ती निघाली सिएनात, ९ जून १३११ रोजी, आणि तिच्यातले चित्र दुच्चोचेच होते: सिएनाच्या कॅथेड्रलच्या मुख्य वेदीसाठी रंगवलेला, ‘मायेस्ता’ या नावाने ओळखला जाणारा महाफलक. तत्कालीन वृत्तांतानुसार त्या दिवशी दुकाने बंद राहिली. बिशप, धर्मगुरू, शहराचा कारभार पाहणारे ‘नऊ’ अधिकारी आणि हातांत पेटत्या मेणबत्त्या घेतलेले नागरिक चित्रकाराच्या कार्यशाळेपासून चित्राबरोबर चालले. कांपो नावाच्या चौकाला फेरी घालून ते कॅथेड्रलमध्ये पोहोचले. घंटा वाजत होत्या. वाजंत्र्यांना दिलेल्या पैशांची नोंदही हिशेबात सापडते. एका शहराच्या चित्रकाराचे चित्र दुसऱ्या शहराच्या नावावर गेले; त्याची मिरवणूकही मागोमाग गेली असावी, असा संशय घेण्यास जागा आहे.

या कल्पित प्रसंगाचे पुढचे आयुष्य तर करमणुकीचे आहे. १८५५ मध्ये फ्रेडरिक लेटन या तरुण इंग्रज चित्रकाराने तो एका अजस्र कॅनव्हासवर रंगवला: फ्लोरेन्सच्या रस्त्यांतून चिमाबुएची मादोन्ना वाजतगाजत चालली आहे. राणी व्हिक्टोरियाने ते चित्र प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी ६०० गिनींना विकत घेतले. त्यात खांद्यावरून नेली जात असलेली मादोन्ना दुच्चोची आहे. १२८५ चा करार त्या वेळी छापलेला होता. वाचणाऱ्यांची वाण होती.

वसारीने दुच्चोला अजिबात वगळले असे नाही. त्याने दुच्चोचे चरित्र लिहिले, आणि ते वगळण्याहून वाईट आहे. त्यात सर्वाधिक कौतुक सिएनाच्या कॅथेड्रलच्या संगमरवरी चित्रफरशीचे आहे. ती कल्पना दुच्चोची, असे वसारी म्हणतो. त्या फरशीच्या कामाच्या नोंदी १३६९ पासूनच्या आहेत, आणि दुच्चो १३१९ च्या सुमारास वारला होता. वसारीने त्याचा काळच उचलून चौदाव्या शतकाच्या मध्यावर नेऊन ठेवला. परिणाम असा की जॉत्तोच्या आधी कामाला लागलेला माणूस जॉत्तोच्या नंतरचा, मागे रेंगाळलेला वाटू लागला. जे काम त्याने केले नाही ते त्याला दिले. जे केले ते काढून घेतले.

आणि ‘मायेस्ता’? तिच्याविषयी वसारी लिहितो की पुष्कळ शोध घेऊनही ते चित्र आज कोठे आहे हे आपल्याला कळू शकले नाही. हे वाक्य वाचून हसावे की रडावे? ज्या फलकाचा नुसता मधला भाग सुमारे चार मीटर रुंद आणि दोन मीटर उंच, तो १५०६ मध्ये मुख्य वेदीवरून हलवला गेला होता. पण तो सिएनाबाहेर गेला नव्हता, कॅथेड्रलच्याच ताब्यात होता. वसारीने दिलेले वर्णन शंभर वर्षांपूर्वीच्या लोरेन्झो गिबेर्तीच्या टिपणावर बेतलेले आहे. त्यामुळे पुढच्या बाजूस मरीयेचा राज्याभिषेक आहे, ही गिबेर्तीची चूकही तशीच उतरली. मुख्य फलकावर मरीया बाळासह सिंहासनावर बसलेली आहे. गिबेर्ती स्वतः फ्लोरेन्सचा, पण त्याने सिएनाच्या चित्रकारांची मुक्तकंठाने स्तुती केली होती. म्हणजे फ्लोरेन्समध्येही पर्यायी मत उपलब्ध होते.

वसारी कोणाचा माणूस होता, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ग्रंथाच्या दोन्ही आवृत्त्या त्याने कोझिमो दे मेदिची या फ्लोरेन्सच्या ड्यूकला अर्पण केल्या आहेत. याच कोझिमोच्या आणि सम्राटाच्या सैन्यांनी सिएनाला वेढा घालून शहर उपाशी मारले. एप्रिल १५५५ मध्ये सिएनाने शरणागती पत्करली आणि एक जुने प्रजासत्ताक संपले. नंतर कोझिमोच्या राजवाड्यातील भव्य दरबारात या युद्धाची भित्तिचित्रे काढण्याचे काम निघाले. १५५४ च्या मार्चानोच्या लढाईत सिएनाच्या बाजूचा झालेला पाडाव तेथे भिंतभर रंगवलेला आहे. चित्रकार जॉर्जो वसारी. सिएनाच्या पराभवाचे चित्र काढणारा आणि सिएनाच्या चित्रकलेचा इतिहास लिहिणारा हात एकच होता, धनीही एकच.

कोणी म्हणेल, पहिली आवृत्ती तर सिएना पडण्याच्या पाच वर्षे आधीची आहे. खरे आहे. ‘रुचेलाई मादोन्ना’ चिमाबुएची, हा समजही फ्लोरेन्समध्ये वसारीच्या आधीपासून होता. वसारीने बसून कट रचला असे म्हणणे बालिश ठरेल; त्याने प्रचंड मेहनतीने माहिती जमवली आणि त्याच्याविना आपण शेकडो कलावंतांविषयी अंधारात राहिलो असतो. पण शहराच्या अभिमानाला सोयीचे ते ऐकायचे, धन्याला रुचेल त्या क्रमाने मांडायचे आणि शत्रूच्या घरचे तपासायला जायचे नाही, याला कटाची गरज नसते. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी इतिहासप्रेमींना शिकवावा लागत नाही. दोनशे-तीनशे वर्षांनी, आश्रयदात्याच्या छायेत लिहिलेल्या मजकुराला आपण जी कसोटी लावतो, तीच येथे लावावी. इटालियन आहे म्हणून बखरीची सनद होत नाही.

कागदाने जिंकायलाही किती वेळ लागतो, ते पाहण्यासारखे आहे. १८८९ मध्ये व्हिएन्नाचे फ्रान्ट्स विकहॉफ यांनी शैली आणि करार या दोन्हींच्या आधारे हे चित्र दुच्चोचे असल्याचे मांडले. तरी वाद मिटला नाही. विसाव्या शतकातही काही अभ्यासकांनी चिमाबुएचे नाव सोडण्यापेक्षा तिसराच एक निनावी चित्रकार कल्पिला आणि त्याला ‘रुचेलाई मादोन्नाचा आचार्य’ असे नाव दिले. तारीख, जागा, आकार आणि नाव सांगणारा करार समोर असताना अस्तित्वात नसलेला माणूस निर्माण करणे अनेकांना सोपे वाटले. सवयीची गोष्ट मोडताना विद्वानांचेही हात थरथरतात.

आता दुसऱ्या बाजूचा खरा मुद्दा. श्रेय दुच्चोचे असेल, पण तो शेवटी जुन्या बायझंटाइन वळणाचा. वजनदार, हाडामांसाची माणसे जॉत्तोने दिली. म्हणून पुढचा रस्ता जॉत्तोचाच, असे म्हटले जाते. पादुआच्या स्क्रोव्हेन्यी प्रार्थनालयातली जॉत्तोची भित्तिचित्रे ज्याने पाहिली तो जॉत्तोला उणा म्हणणार नाही. प्रश्न असा आहे की माणसाचे वजन ही चित्रकलेची एकमेव मोजपट्टी कोणी ठरवली? ठरवली त्याच कथानकाने, ज्याला शेवटी मायकेलअँजेलोपाशी पोहोचायचे होते. तराजू आधीच एका पारड्याकडे झुकवून ठेवला होता.

‘मायेस्ता’ची मागची बाजू नीट पाहिली तर हा आक्षेप टिकत नाही. तेथे येशूच्या अखेरच्या दिवसांचे २६ प्रसंग आहेत. पेत्र येशूला नाकारतो तो प्रसंग घ्या. खाली अंगणात शेकोटीभोवती माणसे बसली आहेत, दासी पेत्राकडे बोट दाखवते, पेत्राचे पाय विस्तवाकडे पसरलेले. त्याच अंगणातून एक जिना वर जातो आणि वरच्या चौकटीत, हन्नासमोर उभ्या असलेल्या येशूच्या खोलीकडे पोहोचतो. दोन चौकटी, एक घर, एकच घटका. खाली विश्वासघात चालू असताना वर चौकशी चालू आहे, हे एकही शब्द न वापरता कळते. एका लाकडी जिन्याने काळ जोडणारा हा माणूस ‘मागासलेला’!

यरुशलेमप्रवेशाच्या फलकात चढणीचा दगडी रस्ता आहे, उघड्या दाराची भिंत आहे, भिंतीपलीकडे बाग आहे आणि फांद्या तोडायला झाडांवर चढलेली पोरे आहेत. शहर गजबजलेले आणि चालता येईल असे. कथनाची शिस्तही पाहावी: दुःखभोगाच्या प्रसंगांत येशूचे निळे वस्त्र साधे, फक्त किनार सोनेरी, पुनरुत्थानानंतर तेच वस्त्र सोनेरी रेषांच्या जाळीने उजळते. ज्या सोनेरी रेषांना ‘बायझंटाइन अवशेष’ म्हणून हिणवले जाते, त्यांना दुच्चोने अर्थ दिला आहे. जुनी लिपी वापरून नवे वाक्य लिहिणे हे अज्ञान नसते.

त्याच्या आयुष्याविषयी कागद थोडे आणि बरेचसे दंडाचे. पहिली नोंद १२७८ ची, सरकारी कागदपत्रांच्या पेट्या रंगवल्याच्या मोबदल्याची. १२८० मध्ये १०० लिरांचा जबर दंड. पुढेही दंड, त्यांतला एक मारेम्माच्या मोहिमेत लष्करी चाकरीला न गेल्याबद्दलचा. तरीही १३०८ मध्ये ‘मायेस्ता’चे काम ठरले तेव्हा शहराने याच माणसाला निवडले: दिवसाला १६ सोल्दी मजुरी, साहित्य कॅथेड्रलचे, काम त्याने स्वतःच्या हाताने करायचे आणि मध्येच दुसरे काम घ्यायचे नाही. सिंहासनाच्या पायथ्याशी एक प्रार्थना कोरल्यासारखी लिहिली आहे. तीत मरीयेकडे सिएनासाठी शांती मागितली आहे आणि दुच्चोसाठी आयुष्य. एका कारागिराचे नाव अख्ख्या नगराच्या शेजारी, देवतेच्या पायाशी. १३१९ मध्ये त्याच्या मुलांनी वारसा नाकारला. मालमत्तेपेक्षा देणे जास्त असावे, असा त्याचा अर्थ लावतात.

‘दुच्चोबरोबर त्याची वाट संपली’ हे आणखी एक पाठ केलेले वाक्य. सिमोने मार्तिनी आणि लोरेन्झेत्ती बंधू त्याच्याच परंपरेत वाढले. सिमोने पोपच्या आव्हिन्यों नगरीत गेला आणि १३४४ मध्ये तेथेच वारला. त्याहीआधी, १३२० च्या दशकात, पॅरिसमध्ये जाँ प्युसेल याने फ्रान्सच्या राणीसाठी हातात मावेल एवढी प्रार्थनापोथी चितारली. तिच्यातल्या मरीयेच्या खोलीची बांधणी आणि येशूच्या दफनाची रचना ‘मायेस्ता’ पाहिल्याखेरीज सुचणे कठीण आहे. आल्प्सच्या पलीकडे इटालियन अवकाशाची ओळख जी पहिल्यांदा झाली, ती दुच्चोच्या वाटेने. कथानक फ्लोरेन्सहून रोमला जाते, म्हणून पॅरिसचा हा रस्ता त्याच्या नकाशावर नाही.

ज्याची किंमत कथानकाने कमी केली, त्याचे पुढे काय होते, हे १७७१ मध्ये दिसले. त्या वर्षी ‘मायेस्ता’ करवतीने कापली गेली. एकाच जाड फलकाच्या दोन्ही बाजू रंगवलेल्या होत्या. पुढची आणि मागची बाजू वेगळी करण्यासाठी लाकूड उभे चिरले. करवत घसरली आणि मरीयेच्या चेहऱ्याला इजा झाली. खालच्या पट्टीचे आणि शिखरांचे छोटे फलक सुटे झाले, काही विकले गेले, काही नाहीसे झाले. आज लाजराला उठवण्याचा प्रसंग टेक्ससमधल्या फोर्टवर्थला आहे, शोमरोनी स्त्री माद्रिदला, डोंगरावरील परीक्षा न्यूयॉर्कला, आंधळ्याला दृष्टी देणारा येशू लंडनला, पेत्र आणि अंद्रिया यांना बोलावणारा येशू वॉशिंग्टनला. २०२४-२५ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन येथे भरलेल्या सिएनाच्या चित्रकलेच्या प्रदर्शनात मागच्या पट्टीचे उरलेले आठ फलक शेजारी शेजारी लागले आणि नंतर पुन्हा आपापल्या गावी गेले. मधला मोठा भाग सिएनातच आहे.

फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात एकाच दालनात तीन भव्य मादोन्ना आहेत: चिमाबुएची, दुच्चोची आणि जॉत्तोची. प्रवासवर्णने आणि चित्रफिती त्या जिन्याच्या तीन पायऱ्यांसारख्या दाखवतात: ताठर, जरा मऊ, आणि अखेर जिवंत. दुच्चोचे चित्र १२८५ च्या करारातले आहे. जॉत्तोचे ओन्यिस्सान्तीचे चित्र साधारण वीस वर्षांनंतरचे मानतात. एका चित्रकाराचे तारुण्यातले काम दुसऱ्याच्या परिपक्व कामाशेजारी टांगून ‘प्रगती’ मोजणे ही चलाखी आहे, मग ती अजाणता का झालेली असेना. जॉत्तोच्या त्या चित्राचा खरा समकालीन सिएनाच्या कॅथेड्रलशेजारच्या संग्रहालयात आहे, चेहऱ्यावर करवतीची खूण घेऊन. तुलना करायचीच असेल, तर फ्लोरेन्सहून सिएनाला जाणारी बस दीड तासाच्या आत पोहोचते.